दळवींचं ‘रेडी’

नेरूळला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर दुकानांची एक रांग होती. पिठाची गिरणी, केमिस्ट, इस्त्रीवाला आणि टोकाला ‘सुलोचना फोटो स्टुडिओ’. या स्टुडिओत ज्याने एकदा फोटो काढून घेतला, त्याला ‘रेडी’ हा शब्द पुढे कधी साधेपणाने ऐकता आला नसेल. मालक वसंत दळवी तो शब्द उच्चारत नसत, फेकून मारत. आधी ते तुम्हाला स्टुलावर बसवत, दोन बोटांनी हनुवटी वर करत, डावा खांदा मागे ढकलत, “हसू नका, पासपोर्टावर हसणाऱ्याला कुणी देशात घेत नाही,” अशी ताकीद देत. मग कॅमेऱ्यामागे जाऊन, कवायतीच्या मास्तरांनी मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पोराला हाक मारावी तसे ओरडत, “रेडी!” त्या काळातल्या माझ्या सगळ्या ओळखपत्रांवर मी नुकतीच वाईट बातमी कळलेल्या माणसासारखा दिसतो. ती बातमी म्हणजे दळवी.

बुटके, अंगाने भरलेले, कायम राखाडी सफारीत. सफारीच्या खिशात कंगवा, पेन आणि जेमतेम चार केसांचा एक ब्रश. माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती, धंद्याने मारत. मी वाशीला बँकेत होतो म्हणून ‘बँकवाले’. गिरणीचा मालक तो ‘पीठवाले’. सोसायटीचे चेअरमन स्वतःला साहेब म्हणवून घेत, पण दळवी त्यांना सगळ्यांदेखत ‘पाणीवाले’ म्हणत, कारण चेअरमनचं एकमेव काम टँकर बोलावणं हे होतं. मला दळवी आवडायला लागले ते तिथपासून.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत निगेटिव्हचे खोके असत. त्यांवर लाल रंगाने, पाटी रंगवावी तशी अक्षरं: बारसं, मुंज, लग्न, पासपोर्ट, मयत. माणसाच्या आयुष्याचे एवढेच भाग दळवींना मान्य होते. मी एकदा म्हटलं, “मधलं बरंच राहिलं की हो.” तर म्हणाले, “मधल्याला फोटोवाला कोण बोलावतो, बँकवाले?”

यातला ‘मयत’चा खोका हे त्यांचं खरं काम होतं. त्या वेळी आजूबाजूच्या गावांत अशी पुष्कळ म्हातारी माणसं होती की ज्यांनी जन्मात फोटो काढलेला नव्हता. माणूस गेला की घाईघाईने फोटोवाला बोलावत, प्रेताला टेकवून बसवत आणि फोटो काढत. मग तो फोटो दळवींकडे येई. त्यातले डोळे उघडून द्यायचे. म्हणजे मिटलेल्या पापण्यांवर त्या चार केसांच्या ब्रशने उघडे डोळे रंगवायचे, असे की घरच्यांना आपलं माणूस बघतंय असं वाटलं पाहिजे. दळवींची पद्धत ठरलेली होती. ते पहिला प्रश्न एकच विचारत, “डोळे कोणाचे घेऊ?”

जासईहून एक म्हातारी आली होती तेव्हा मी तिथे होतो. तिने पिशवीतून फोटो काढून काउंटरवर ठेवला.

“भाऊ, आमच्या मानसाचा येवडाच फोटू हाय. पन डोले मिटलेत.”

“डोळे कोणाचे घेऊ?”

म्हातारीला कळेना. दळवींनी समजावलं, “मी काही त्यांना बघितलेलं नाही, आजी. त्यांच्या रक्ताचं कुणी समोर बसलं पाहिजे. त्याचे डोळे बघून यांचे काढायचे. डोळे कोणावर गेलेत?”

“धाकला दीर हाय. तशेच डोले. पन त्याच्याशी बोलनं नाय आमचं. जमिनीवरून.”

“बोलू नका. नुसतं बसायला सांगा.”

तो दीर आला. म्हातारी एका बाकावर, तो स्टुलावर, दोघांची तोंडं दोन दिशांना. दळवी त्याच्याकडे बघत होते आणि ब्रश चालत होता. काम झाल्यावर फोटो म्हातारीच्या हातात दिला. तिने तो जरा लांब धरला, आणि मग दुसऱ्या हाताने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. नवरा बघत होता ना. दीर स्टुलावरून उठला आणि मुकाट्याने तिची पिशवी उचलून बाहेर गेला. दळवी मला म्हणाले, “हे पदर घेणं म्हणजे आपली पावती.” त्यांच्या बोलण्यात बढाई पुष्कळ असे, पण त्या दिवशी नव्हती.

बढाई बाकीच्या वेळी भरपूर. शहराला महापालिका मिळाली आणि पाठोपाठ सेक्टरासेक्टरांत पुढाऱ्यांची लागवड झाली. आमच्या वॉर्डातल्या एका होतकरू उमेदवाराला मुंबईच्या मोठ्या नेत्याच्या शेजारी उभं असलेला आपला फोटो हवा होता. अडचण एवढीच की तो नेत्याच्या शेजारी कधी उभा राहिलेला नव्हता. त्याने आणलेल्या फोटोत उभा होता तो दुसराच कुणी कार्यकर्ता. “त्यात काय,” दळवी म्हणाले, आणि कात्री, डिंक आणि ब्रशने त्यांनी त्या कार्यकर्त्याला उडवून तिथे हा उमेदवार, हात जोडलेला, उभा केला. पोस्टर भिंतीभिंतीवर लागलं. मग इस्त्रीवाल्याच्या लक्षात आलं की उमेदवाराचे दोन्ही हात जोडलेले आहेत, नेत्याचे दोन्ही हात खाली आहेत, आणि तरी नेत्याच्या खांद्यावर एक हात आहे. उडवलेल्या माणसाचा तो हात होता.

उमेदवार तणतणत आला. “ओ दळवी, इज्जतीचा पार कचरा केला ना राव तुम्ही!”

दळवी शांत. “माणूस काढता येतो हो. त्याचा हात राहतो.”

उमेदवार निवडून आला. तिसऱ्या हाताचा त्याला फायदाच झाला असावा. पण दळवींचं ते वाक्य आमच्या सोसायटीत पुढे कितीतरी दिवस चालू होतं. कुणाची बदली झाली, कुणी फ्लॅट विकून गेलं, की म्हणायचं, हात राहतो.

स्टुडिओला नाव बायकोचं होतं. सुलोचना हे नाव तिला लग्नात दळवींनीच ठेवलं होतं. माहेरचं वेगळं होतं. सुलोचनाबाई काउंटरवर बसत, पाकिटं देत, पावत्या जपत. बोलणं इतकं हळू की गिरणी चालू असली तर त्यांच्या ओठांकडे बघून समजून घ्यावं लागे. आणि त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध होती. प्रसिद्धी अर्थातच दळवींनी दिलेली. बाईंचा एकही फोटो उघड्या डोळ्यांचा नव्हता. लग्नातला नाही, मुलीच्या बारशातला नाही, महाबळेश्वरचा नाही. सगळीकडे डोळे गच्च मिटलेले. दळवी गिऱ्हाइकांसमोर अल्बम उघडून दाखवत. “नाव बघा काय ठेवलं मी, आणि ही बघा! माझा फ्लॅश पडायच्या आधी हिचं शटर बंद!” गिऱ्हाईक हसे. बाई पण हसत आणि पाकिटं चाळत म्हणत, “उजेड सोसत नाही हो मला.”

उजेड खरंच सोसत नसता तर बाई दुपारच्या उन्हात शिरवण्याच्या मासळीबाजारात कशा जात, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. कुणालाच पडला नाही.

त्यांची मुलगी वृषाली. एकुलती एक. रबाळ्याच्या एका कारखान्यात ऑफिसात लागली आणि तिथल्या सुपरवायझरशी तिने लग्न ठरवलं. मिलिंद त्याचं नाव. ऐरोलीला राहणारा, मूळचा मराठवाड्यातला, घर बौद्ध. दळवी म्हणत, “मुलगा चांगला आहे.” पुढे म्हणत, “पण.” त्या ‘पण’च्या पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. ते काय आहे हे सगळ्या सोसायटीला ठाऊक होतं. फक्त सोसायटी सुशिक्षित असल्यामुळे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. चेअरमन तेवढे जिन्यात थांबून म्हणाले, “दळवी, आजकाल चालतं हे. आपल्या घरात नसलं की झालं.” दळवींनी त्यांना पाणी कधी येणार ते विचारलं.

लग्न ठाण्याला रजिस्टर पद्धतीने झालं. त्या दिवशी दळवी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून घरातून निघाले आणि जिन्यात मला म्हणाले, “पनवेलला ऑर्डर आहे. लग्नाची.” मी काही विचारलं नव्हतं. मुलीच्या लग्नाच्या दिवशी बाप दुसऱ्याच्या मुलीचे फोटो काढायला गेला. सुलोचनाबाई वांगी रंगाची साडी नेसून दादरला बहिणीकडे गेल्या. त्यानंतर वृषालीचं नाव त्या घरात निघालं नाही. निदान दळवींच्या कानावर पडेल असं नाही.

दुसऱ्या वर्षी सुलोचनाबाई गेल्या. कावीळ झाली, वाशीच्या हॉस्पिटलात नेलं आणि आठवडाभरात संपलं. वृषाली तिथे होती. बाप बाकाच्या एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला, मधे थर्मास. तेराव्याला पाटावर फोटो ठेवायचा, हार घालायचा, तर घरात फोटो नाही. म्हणजे फोटोंचे ढीग, पण सगळे मिटलेले. ज्या माणसाने गावोगावच्या लोकांचे डोळे उघडून दिले त्याने ते अल्बम एकदा उघडले, बंद केले, आणि पाटावर नुसती समई ठेवली. जमलेल्या बायकांत कुजबुज झालीच. फोटोवाल्याचं घर आणि फोटो नाही.

“वर्षश्राद्धाच्या आत करतो,” दळवी म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

त्यांनी प्रयत्न केला हे मला माहीत आहे, कारण काउंटरवर मी तो बघितला. महाबळेश्वरच्या फोटोची मोठी प्रत काढून त्यांनी ब्रश टेकवला होता, आणि पापणीवर एक वेडीवाकडी रेघ होती. “हात हलतो,” ते म्हणाले. हात हलत होता हे खरं. पण त्याच आठवड्यात एका नवऱ्या मुलीच्या गालावरचा व्रण त्यांनी त्याच हाताने सफाईने काढलेला होता.

मग त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. नव्वदीच्या शेवटाकडची ती वर्षं. सगळ्यांच्याच डोक्यात तो शिरत होता, आणि आपल्याला जे करवत नाही ते सगळं तो करील अशी लोकांची समजूत होती. दळवींनी कॉम्प्युटर घेतला, स्कॅनर घेतला, दोन्हींवर सुलोचनाबाईंच्या हातचं भरतकामाचं झाकण घातलं, आणि आता सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं याचा शोध सुरू केला. आमच्या बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आले होते, त्यामुळे मी तज्ज्ञ ठरलो. आमच्या बँकेतले कॉम्प्युटर आम्ही उदबत्ती ओवाळून सुरू केले होते आणि त्यापुढे माझं ज्ञान गेलेलं नव्हतं; पण मला तिथे खुर्ची देऊन बसवत.

पहिला विक्रेता टाय लावून आला. त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यात महाग आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळं जग तेच वापरत होतं. त्याने पडद्यावर एक गोरी बाई आणली आणि तिचे ओठ निळे केले.

“बाईला काय झालंय?” दळवींनी विचारलं.

“सर, हा इफेक्ट आहे.”

“कशाचा?”

त्या विक्रेत्याने चहा अर्धा टाकला आणि गेला.

दुसरा फोटो नीट लावून ठेवायचं सॉफ्टवेअर घेऊन आला. त्यात आधीच कप्पे पाडलेले होते: हॉलिडे, बर्थडे, पेट्स, फ्रेंड्स. दळवींनी चष्मा लावून सगळे कप्पे वाचले. मग मागच्या खोलीकडे अंगठा दाखवून म्हणाले, “मयत कुठे?”

“जी?”

“मेलेली माणसं. ती कुठे ठेवायची?”

विक्रेत्याने थोडा विचार केला. “सर, वो आप मिसलेनियस में डाल सकते हो.”

दळवी माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा बँकवाले, कुत्र्याला वेगळा कप्पा आहे.”

तिसरे पवार. वाशीच्या एका कॉम्प्युटर दुकानातले, पोट सुटलेले, सीडी रुमालात गुंडाळून आणणारे गृहस्थ. ती सीडी कुठून आली हे विचारायचं नसतं एवढं मला माहीत होतं. पवारांना विकायचं काही नव्हतं, नुसती हौस होती, म्हणून ते ऐकून घेत. दळवींनी त्यांच्यापुढे महाबळेश्वरचा फोटो ठेवला. “डोळे उघडता येतील?”

“का नाही? दुसऱ्याचे आणून बसवू की.”

“कोणाचे?”

“कोणाचे पण. तुमी टेन्शन नका घेऊ.”

आणि दळवी नको म्हणायच्या आत पवारांनी त्या सीडीवरच्याच कुठल्यातरी हसऱ्या बाईचे डोळे उचलून सुलोचनाबाईंच्या तोंडावर आणून ठेवले. मोठे, ओले, पिंगट डोळे. त्या नऊवारीतल्या सोशीक चेहऱ्यातून कुणीतरी परकी बाई आमच्याकडे बघायला लागली. दळवी खुर्चीसकट मागे सरकले.

“पुसा. पुसा ते.”

“अनडू करतो, थांबा.” पवारांनी दोन बोटांनी बटणं दाबली. डोळे पुन्हा मिटले.

दळवी पडद्याकडे बघत राहिले. “म्हणजे काही झालंच नाही, असं होतं?”

“हो ना. चुकलं की मागे जायचं.”

“किती मागे?”

“फाइल उघडली ना, तिथपर्यंत.”

“तिथपर्यंतच का,” दळवी म्हणाले. हा प्रश्न नव्हता. पवार सीडी रुमालात गुंडाळायला लागले.

असे महिने गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं. दळवी नवीन नवीन सीड्या आणवत, बघत, नाकारत. एकदा माझी बायको फोटो न्यायला खाली आली होती. मी, पवार, दळवी पडद्यासमोर चर्चा करत बसलेले. तीन पुरुष एका मशीनसमोर बसले की जी गंभीर शांतता असते ती होती. बायकोने काउंटरपलीकडूनच विचारलं, “दळवीभाऊजी, डोळे कोणाचे घेणार?”

वर्षभर सगळ्यांना हा प्रश्न माहीत होता, आणि वर्षभर तो त्यांना कुणी विचारला नव्हता. उत्तर तर त्याहून माहीत होतं. वृषालीचे डोळे आईचे होते. भाजीवालासुद्धा सांगू शकला असता.

दळवी सीडी रुमालात गुंडाळायला लागले. ती पवारांची होती आणि तिचं काम अजून संपलं नव्हतं. “बोलणं नाही आमचं, वहिनी,” ते म्हणाले.

“बोलू नका,” माझी बायको म्हणाली. “नुसतं बसायला सांगा.”

हे वाक्य कुठून आलंय ते त्यांना कळलं. जासईच्या म्हातारीची गोष्ट मीच घरी सांगितलेली होती. पुढच्या आठवड्यात वर आले, दारातच उभे राहिले, आणि म्हणाले, “ऐरोलीला फोन तुमच्याकडून करता येईल?” स्टुडिओत फोन होता. बायकोने नंबर फिरवला.

रविवारी वृषाली आली. मिलिंद तिला सोडायला आला होता. तो रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून उभा राहिला. दळवींनी मला बसायला लावलं होतं, कारण त्या खोलीत तिसरं माणूस असल्याशिवाय दोघांनाही श्वास घेता आला नसता. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. हनुवटी धरून वर केली, तेव्हा त्यांची बोटं तिथे जरा थांबली. ब्रशने काही व्हायचं नव्हतं; आधी तिच्या डोळ्यांचा फोटो काढायचा, मग पवार ते महाबळेश्वरच्या फोटोत बसवणार, असं ठरलेलं. दळवी कॅमेऱ्यामागे गेले.

“रेडी!”

फ्लॅश पडला. वृषालीने डोळे मिटले होते.

“परत. रेडी!”

पुन्हा मिटले. तिसऱ्यांदाही.

“तूसुद्धा आईसारखीच,” दळवी म्हणाले. दोन वर्षांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. “फ्लॅशला मिटतेस.”

“फ्लॅशला नाही, बाबा.”

“मग?”

“फ्लॅश पडायच्या आधीच मिटतात माझे. तुम्ही रेडी म्हणता ना, तेव्हा.” ती स्टुलाची कड हाताने घट्ट धरून होती. “आईचेसुद्धा. तिला उजेडाचं काही नव्हतं. तुम्ही मोठ्याने काही बोललात की तिचे डोळे मिटायचे. पोळी करपली तरी मिटायचे.”

गिरणी रविवारी बंद असते. त्यामुळे ते फार स्वच्छ ऐकू आलं.

दळवी जन्मभर तो विनोद सांगत आले होते: फ्लॅश पडायच्या आधी हिचं शटर बंद. आधी. शब्द त्यांचाच होता.

वृषालीने पर्समधून एक फोटो काढला. “हा घ्या. ह्यात उघडे आहेत.”

मी तो पाहिला तेव्हा दळवींनी तो काउंटरवर उताणा ठेवलेला होता. ठाण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसच्या पायऱ्या. साधा स्वस्तातला कॅमेरा, फोटो तिरका, कोपऱ्यात काढणाऱ्याचं बोट आलेलं. वृषाली आणि मिलिंद गळ्यात हार घालून, आणि दोघांच्या मधे वांगी रंगाच्या साडीत सुलोचनाबाई. वृषालीचा हात आईच्या खांद्यावर. आणि बाई सरळ कॅमेऱ्यात बघत होत्या. डोळे मोठे होते. मी त्या बाईंना इतकी वर्षं पाहत होतो, पण त्यांचे डोळे मोठे आहेत हे मला तिथे कळलं.

“दादरला गेली होती ती,” दळवी म्हणाले.

“हो. इथून दादरला, तिथून ठाण्याला.”

“कोणी काढला?”

“ह्यांच्या मित्राने. आम्ही बोलत होतो, त्याने तेवढ्यात काढला. सांगितलंच नाही.”

दळवी पुष्कळ वेळ फोटो बघत होते. शेवटी म्हणाले, “वाकडा आलाय.” माणसाला रडायचं असतं तेव्हा तो आपल्या धंद्याचं काहीतरी बोलतो.

दुसऱ्या दिवशी पवार आले. फोटो स्कॅन झाला. पवार खूश. “हे बेस्ट झालं काका. डोळे बसवायला नकोत, काय नको. दोन्ही बाजूची माणसं उडवायची, काकू एकट्या ठेवायच्या, मागे निळा रंग. हार घालायला मोकळे.”

हा रिवाजाचाच भाग होता. हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालायचा. त्यात जिवंत माणूस असून चालत नाही. मुलगी आणि जावई काढल्याशिवाय तो फोटो भिंतीवर चढू शकत नव्हता. आणि पवार सांगत होते ते खरं होतं. वर्षभर दळवी जे शोधत होते त्याहून हे कितीतरी सोपं होतं. हवं ते त्यांना आयतं मिळालं होतं, वर नको असलेले दोघे काढून टाकायची सोयही होती.

“हात?” दळवींनी विचारलं.

“कुठला?”

“खांद्यावरचा. वृषालीचा.”

“तो पण जातो. साडीचाच तुकडा उचलून त्याच्यावर लावतो. हे बघा.” पवारांनी करून दाखवलं. हात बोटांपासून नाहीसा व्हायला लागला आणि त्याच्या जागी वांगी रंगाची साडी, तीच वीण, तीच चूण. “कळणार पण नाही हात होता म्हणून.”

“कळणार नाही?”

“आईशप्पथ नाही.”

दळवींनी पवारांच्या मनगटावर हात ठेवला. “मागे जा,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. “फाइल उघडली तिथपर्यंत.”

वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो नव्हता. नातेवाइकांनी पुन्हा कुजबुज केली. वृषाली आणि मिलिंद आले होते. मिलिंदला काय करायचं ते कळत नव्हतं म्हणून तो पाणी वाढत होता, आणि दळवी त्याच्या हातून पाणी घेत होते. यापलीकडे त्या घरात काही भव्य समेट वगैरे झाला नाही. उशीर झालेल्या गोष्टी होतात त्या अशाच, पाण्याच्या भांड्याएवढ्या. जिच्यासाठी त्या व्हायला हव्या होत्या ती बाई तिथे नव्हती.

फोटो लागला तो स्टुडिओच्या शोकेसमध्ये. रंगवलेल्या, गोऱ्या केलेल्या, गालाला गुलाबी लावलेल्या नवरानवरींच्या मधोमध तो तिरका फोटो, कोपऱ्यातल्या बोटासकट. त्याला दळवींनी ब्रश लावला नव्हता. हार फक्त फोटोतल्या जिवंत माणसांच्या गळ्यात होते. चेअरमन म्हणाले, “दळवी, सँपल म्हणून बरा नाही दिसत हो.” दळवींनी त्यांना टँकरचं विचारलं, पण पूर्वीचा जोर नव्हता.

सॉफ्टवेअर त्यांनी दुसऱ्या विक्रेत्याचं घेतलं, ते कप्प्यांचं, साधं. ओठ निळे करणारं नको आणि पवारांचंही नको म्हणाले. पेट्स, फ्रेंड्स पुसून इंग्रजी अक्षरांत आपले जुने कप्पे लिहून घेतले. एकदा काही दाखवताना त्यांनी मयतचा कप्पा उघडला, आणि मी नकळत वांगी रंग शोधला. नव्हता. तो लग्नाच्या कप्प्यात होता.

पुढे माझी नाशिकला बदली झाली. जायच्या आधी नव्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून खाली गेलो. दळवी पुष्कळ वाळले होते, सफारी खांद्यांवरून उतरत होती. त्यांनी स्टूल खिडकीपाशी ओढलं. फ्लॅश लावला नाही. माझी हनुवटी धरली नाही. कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहिले, आणि मी सवयीने अंग आखडून त्या आरोळीची वाट बघायला लागलो. ती येईना. खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे हलत होते. गिरणी चालू होती. दळवी माझ्याकडे बघत होते, घाई नसल्यासारखे, एखाद्याचं बोलणं संपायची वाट बघावी तसे. आखडून आखडून किती वेळ बसणार? माझे खांदे आपोआप खाली आले.

“दळवी,” मी म्हटलं, “रेडी म्हणा की.”

“झाला,” ते हळू आवाजात म्हणाले. गिरणीमुळे मला त्यांच्या ओठांकडे बघून ते समजून घ्यावं लागलं.